अंगात उतरलेली चांदी

माणसाच्या पोटात गेलेली चांदी पुढे कुठे जाते, हा प्रश्न मला बी.एस्सी. करताना कुणी विचारला नव्हता. तो विचारला रामलिंगमामांनी, तोही लघवीची बाटली माझ्या टेबलावर ठेवून.

"तपास," म्हणाले. "सांडपाणी तपासतीस की रोज? तसंच."

आधी मामा कोण ते सांगते, नाहीतर हे सगळं भलतंच वाटेल.

चाकणच्या एमआयडीसीत आमचं प्लेटिंगचं युनिट होतं. विजेच्या स्विचमध्ये बसणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या आमच्याकडे यायच्या, आम्ही त्यांच्यावर चांदीचा थर चढवून परत पाठवायचो. मी तिथे लॅब केमिस्ट. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील भोसरीला प्रेस मशीनवर, आई मेसच्या पोळ्या लाटायची. त्यामुळे गळ्यातल्या ओळखपत्रावरचा 'केमिस्ट' हा शब्द कधी उलटा होऊ द्यायचे नाही मी. अजूनही मला त्याची लाज वाटत नाही.

मामा प्लेटिंग लाइनचे फोरमन. मूळचे लातूरकडचे, पोटासाठी इकडे आले आणि पिंपळे गुरवला तात्यांच्या खोल्यांत भाड्याने राहिले ते राहिलेच. उंच, वाकलेले, मिशा शाळामास्तरासारख्या कापलेल्या. मी त्यांच्या मनासारखं बोलले की मला 'माय' म्हणायचे. विरोधात बोलले की 'म्याडम'. दिवस कसा जाणार हे मला सकाळच्या पहिल्या हाकेतच कळायचं.

मामांचा ट्यूबलाइटवर विश्वास नव्हता. टाकीतून माल निघाला की त्यातली एक पट्टी घेऊन ते शटरपर्यंत चालत जायचे, ती उन्हात धरायचे, तिरकी करायचे, एक डोळा मिटायचे. "उजेड खोटं बोलतो," म्हणायचे, "ऊन न्हाई बोलत." सायनाइडच्या टाक्यांजवळ कुणी गाय छाप तंबाखू मळताना दिसला तर त्याची खैर नसे. जेवायच्या सुट्टीत दारात उभे राहून पोरांचे हात बघायचे, पुढून आणि मागून. एकदा मालकांचेही बघितले होते. मालक हसले, पण धुऊन आले.

त्यांचा एक मंत्र होता, "जे चढतं ते उतरतं." हे वेदान्त वगैरे नव्हतं, धंद्याचं सूत्र होतं. एकदा मोठ्या कंपनीचा एक तरुण क्वालिटी इंजिनिअर येऊन सगळा लॉट रिजेक्ट करून बसला. थराला डाग होते, त्याचं बरोबरच होतं. बाकी सगळ्यांचे चेहरे उतरले. मामा त्याला म्हणाले, "साहेब, जेवला न्हाईत. आधी जेवा." त्याला कॅन्टीनमध्ये बसवला, आणि इकडे अख्खा लॉट स्ट्रिपिंगच्या टाकीत सोडला. चढवलेली चांदी त्या टाकीत परत उतरते, खाली तांबं लख्ख निघतं. मग धुवायचं आणि नव्याने चढवायचं. संध्याकाळी गाडी भरून गेली तेव्हा तो इंजिनिअर मामांना म्हणाला, "काका, मला वाटलं होतं हा माल गेला." मामा म्हणाले, "माल जात नसतो साहेब. येळ जातो."

ही श्रद्धा घेऊन मामा कोरोनाच्या पहिल्या लाटेत शिरले. युनिट बंद, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर व्हिडिओ. कुणीतरी गोरा माणूस चांदीचं पाणी पितोय आणि सांगतोय, जंतू मरतात, साथ लागत नाही. दुसऱ्या कुणी असल्या व्हिडिओवर नुसता अंगठा उमटवला असता. मामा पडले आयुष्यभर चांदी पाण्यात विरघळवणारे. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, हसू आलं. "ह्ये तर आपलंच काम हाय!" सराफाकडून शुद्ध चांदीची तार आणली, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाइन चालू झाली.

मला हे कळलं ते युनिट सुरू झाल्यावर. डब्याच्या पिशवीतून तपकिरी काचेची बाटली काढून ते चमचाभर प्यायले.

"मामा, काय आहे हे?"

"चांदी."

"टाकीतली?"

"खुळी का गं तू?" ते खरंच दुखावले. "टाकीत सायनाइड असतंय. मी काय मरायला बसलाव? ही घरची हाय. नुसतं पाणी आन चांदी."

"पण जड धातू आहे तो, मामा. कशाला प्यायचा?"

"म्याडम," ते म्हणाले. झालं, मी विरोधी पक्षात गेले. "तुमच्या बाळुत्यात तुमाला चांदीच्या चमच्यानं पाजलं नसंल, गरिबी होती. पण पाजत्यात का न्हाई लोक? मिठाईवर वर्ख खात्यात का न्हाई?"

मामांनी वाद जिंकल्यासारखं बाटलीचं झाकण लावलं. मग ते पाणी पिंपळे गुरवच्या आळीत पसरलं. एक पैसा घ्यायचे नाहीत. "औषीद विकत नसत्यात," म्हणायचे. शिंपीणकाकूंना बाटली, पिठाच्या गिरणीवाल्याला बाटली, घरमालक तात्यांना तर मोठी बाटली. घरात सरूमामींना रोज सकाळी चमचाभर, त्यांच्या थायरॉइडच्या गोळीच्या पाठोपाठ. मामी ठेंगण्या आणि बोलक्या. "लग्नात एक जोडवं बी धड दिलं न्हाई," त्या म्हणायच्या, "आता रोज चांदी पाजलालेत."

बरेच महिने गेले. एके दिवशी मामा शटरपाशी नेहमीसारखी पट्टी उन्हात धरून उभे होते, मी रिपोर्टवर सही घ्यायला गेले, आणि माझी नजर पट्टीऐवजी त्यांच्या बोटांवर पडली. नखांच्या मुळाशी जी पांढरी चंद्रकोर असते ती त्यांच्या नखांवर करडी-निळी झाली होती, पेन्सिलीचं शिसं घासावं तशी. मग ते मास्क हनुवटीवर ओढून काहीतरी बोलले, हसले आणि हिरड्याही तशाच दिसल्या. एरवी चेहऱ्यावर मास्क असायचा, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नव्हतं. मास्कच्या वरचं कपाळ मात्र एकदा बघितल्यावर न बघता येईना. पाटीचा रंग.

मी घाबरले, म्हटलं ऑक्सिजन कमी झाला असणार. तेव्हा प्रत्येक ऑफिसात बोटाला लावायचं यंत्र असायचं. लावलं. आकडा अगदी चांगला आला.

"यंत्र म्हणतंय ठणठणीत," मामा म्हणाले. "आता तुझं बघू." माझं बघून समाधानाने मान हलवली.

लाइनवरची पोरं गप्प बसणार थोडीच. "मामा, कोणत्या टाकीत उतरलावता राव?" "मामा, थर किती मायक्रॉनचा?" मामा चिडायचे नाहीत. उलट मधल्या काळात आळंदीला जाऊन आले आणि खुशीत सांगू लागले, "इंद्रायणीच्या घाटावर एक म्हातारी माझ्या पाया पडली. म्हणली, काय सावळा रंग उतरलाय माउली! मी म्हणलं, पड. आपल्याला काय." सोबत गेलेल्या मामींनी पुढचं सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये मामा शेवटपर्यंत खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बघत होते.

त्यानंतर आठवडाभरातच ती बाटली माझ्या टेबलावर आली.

आमच्याकडे सांडपाण्यातला धातू मोजायचं यंत्र होतं, मालकांनी कुठल्या तरी बंद पडलेल्या लॅबचं घेतलेलं. नाल्यात जाणाऱ्या पाण्यात चांदी किती हे मी रोज त्याच्यावर बघायचे. मामांचं म्हणणं सरळ होतं. चांदी आत जाते, काम करते, पाण्यावाटे बाहेर पडते. बाहेर पडताना दिसली की झालं. मलाही ते बरोबरच वाटलं. कारखान्यात असंच असतं, काय गेलं, काय निघालं, ताळा लावायचा.

मोजलं. नावालासुद्धा सापडली नाही म्हणा.

"बघ!" मामांनी टेबलावर थाप मारली. "काय बी वाया जात न्हाई. सगळी कामाला लागली!"

मला मात्र ते पटेना. "मामा, एक सांगा. आपल्या टाकीत रोज चांदी टाकली, मालावर ती दिसेना, नाल्यातही सापडेना. तर तुम्ही काय म्हणाल?"

"चोरी झाली म्हणीन."

"आणि चोर नसला तर?"

"मग काय," ते म्हणाले, "टाकीच्या भिंतीला जाऊन बसली असंल."

बोलून गेले आणि थांबले. मग हळूच हात उलटा करून नखांकडे बघितलं. बाटली उचलून ते गेले.

पुढचे काही दिवस मी जमेल ते वाचलं. मोबाइलवर नाही. विषशास्त्राचं पुस्तक मिळवून वाचलं, आणि पिंपरीच्या एका चर्मरोगाच्या डॉक्टरीणबाईंना गाठून अडलेलं विचारलं. तेव्हा कळलं की आम्ही दोघं कारखान्याच्या डोक्याने विचार करत होतो. कारखान्याला एकच नाला असतो. शरीराला दोन.

"मामा, आपण चुकीचा नळ तपासला," मी त्यांना शटरपाशी गाठून सांगितलं. ते 'माय' किंवा 'म्याडम', काहीच म्हणाले नाहीत. नुसतं ऐकत होते. "चांदी लघवीवाटे जवळजवळ जातच नाही. प्यायलेल्यातली बरीचशी आतड्यातून तशीच खाली जाते, शौचावाटे. थोडी रक्तात शिरते. रक्तातली यकृत पकडतं, पित्तात टाकतं, आणि पित्त परत आतड्यात. म्हणजे तीही त्याच वाटेने बाहेर."

"म्हंजे गेली?"

"बरीचशी गेली."

"आन ऱ्हायली ती?"

"राहिली ती ठिकठिकाणी बसली. त्वचेत बसली ती दिसते. तिथे गंधकाशी तिची जोडी जमते. पैंजण काळं पडतं ना, तेच. आणि ऊन लागलं की आणखी गडद."

"सल्फाइड," मामा म्हणाले. हा शब्द त्यांना शिकवायची गरज नव्हती. काळवंडलेला माल आमच्याकडे रोज यायचा, एका द्रावणात बुडवला की उजळायचा. "मग डिप?"

"नाही, मामा. माणसाला डिप नाही."

"स्ट्रिपिंग?"

"तेही नाही."

"म्हंजे तुमचं शास्त्र अजून तितवर आलं न्हाई म्हण की."

मला राग आला. घरात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाचा राग असतो तसा, शास्त्राचा अपमान म्हणजे आपल्या आईच्या पोळ्यांचा अपमान. "आलंय, मामा. येऊन, सगळं करून बघून सांगतंय, की निघत नाही. बाकीचे धातू बाहेर काढायची औषधं आहेत, ती हिच्यावर चालत नाहीत."

शटरबाहेर ट्रक मागे येत होता. मामा माल मोजायला त्याच्याकडे गेले.

तरी प्यायचं त्यांनी बंद केलं नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. मला नाही वाटलं. मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, त्यांनीही मी वाचलं तेच सांगितलं. लेझरने कुणाकुणाचा रंग थोडा हटतो, खात्री नाही. उन्हात तोंड झाकून फिरा आणि आधी ते पाणी बंद करा. मामांनी सगळं ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बरीचशी निघून जाती म्हणलीस ना? ऱ्हायली तर रंग जाईल, दुसरं काय? मला काय आता पोरगी बघायला जायाचंय?" साथीत ते वाचले होते, आणि ते चांदीनेच वाचले यावर ते ठाम होते. आळीत साथ न लागता वाचलेले आणखी कितीतरी जण होते, ज्यांनी चांदी बघितलीही नव्हती, पण ते मामांच्या हिशेबात नव्हते.

थांबले ते मामींमुळे.

मामींची थायरॉइडची तपासणी बिघडत चालली होती. गोळी वाढवली तरी बिघाड वाढतच होता. थकवा, अंगावर सूज, बोलक्या मामी दुपारी दुपारी भिंतीला टेकून गप्प बसू लागल्या. "गोळीच नकली असंल," म्हणायच्या. त्यांच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, गोळीबरोबर आणखी काय घेता? मामी म्हणाल्या, "चांदी." डॉक्टरांनी लिहायचं थांबवून वर बघितलं. चांदीमुळे ती गोळी अंगाला लागायला अडथळा येऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. चमचा बंद झाला, आणि पुढच्या तपासणीत मामींचं गणित हळूहळू जागेवर यायला लागलं.

मामा मला हे सांगायला आले तेव्हा खुर्चीवर बसले नाहीत. "स्वतःच्या हातानं पाजत होतो गं," एवढंच म्हणाले.

मामींनी मात्र ते फार वाढवलं नाही. मी घरी गेले तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आता घरात एक चांदीचं भांडं झालंय बघ. किती बी घासा, निघंना." मामा हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"माय," ते म्हणाले, "आमी दोघं सोड. आळीत बाटल्या हायत."

मला वाटलं फोन करतील, निरोप धाडतील. पण मामांना माहीत होतं, फोनवर सांगितलं तर लोक 'बरं बरं' म्हणतील आणि पाणी पीत राहतील, कारण ते देताना मामांनीच एवढं गुणगान केलं होतं. अडचण अशी होती की त्या दिवसांत मामा कुणाला तोंड दाखवत नव्हते. साथ ओसरली, सगळ्यांचे मास्क उतरले, मामांचा राहिला. त्यावर टोपी. बोटं खिशात. डॉक्टरीणबाईंचं उन्हाचं कारण सांगायचे, पण ते तर संध्याकाळीही मास्क लावायचे.

"तू सोबत चल," म्हणाले. "ती पदवी बी घेऊन ये. तुझं ऐकतील."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मामांच्या हातात बाजाराची पिशवी. शिंपीणकाकूंनी बाटली लगेच दिली, त्यांनी ती उघडलीच नव्हती. गिरणीवाला म्हणाला संपली केव्हाच, आणि चवीला काही खास नव्हती. मग तात्या.

तात्या म्हणजे गावातले जुने. जिथे आज खोल्या आहेत तिथे त्यांची ज्वारी असायची. बंगल्याच्या ओसरीवर बसले होते, आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. सून बाळंतपण उरकून नुकतीच माहेराहून आली होती.

मामांनी बाटली मागितली.

"आता कशी दिऊ?" तात्या म्हणाले. "नातीसाठी ठिवलीय. उद्यापासनं दोन दोन थेंब चालू करायचं ठरलंय."

मी बोलायला लागले. यकृत म्हणाले, पित्त म्हणाले, आतडी म्हणाले, बाळाचं शरीर एवढंसं असतं, त्याला या पाण्याचा काहीच उपयोग नाही म्हणाले. चांगलं सांगितलं होतं मी, आजही माझं तेच मत आहे. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, तू शिकलीस, चांगलं हाय," ते म्हणाले. "पण आमी पिढ्यान्‌पिढ्या लेकराला चांदीच्या वाटीत पाजतोय. कोन मेलं न्हाई."

"वाटीतली चांदी वाटीतच ऱ्हाती, तात्या," मामा म्हणाले. "वाटी झिजत न्हाई, नातवंडांना पुरती. ही मी पाण्यात उतरवलेली हाय. ही आत जाती आन आतच बसती."

"तुमीच तर म्हनला व्हता, अमृत हाय!"

"म्हणलो होतो."

"आन आता म्हनताय न्हाई. उद्या परत काय म्हनाल? तुमी पिलात का न्हाई एवढी वर्षं? काय झालं तुमाला? जित्तं हायत की!"

मामा पायरीवर उभे होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली. टोपी काढून पिशवीवर ठेवली. मग एका कानामागून आणि दुसऱ्या कानामागून दोरी काढून मास्क उतरवला आणि ओसरीच्या सावलीतून दोन पावलं मागे, अंगणात गेले. वर तोंड करून उभे राहिले. मीसुद्धा बऱ्याच महिन्यांनी त्यांना पूर्ण बघत होते. कपाळ, गाल, नाक, ओठ, सगळं राखेच्या रंगाचं, आणि त्या राखेत निळी झाक. मिशा तेवढ्या पांढऱ्या, त्यामुळे ते आणखीच दिसत होतं.

"बघा," ते म्हणाले. "नीट बघा, तात्या. धुऊन जात न्हाई. डागदरीण म्हणती जाणार न्हाई. माझ्या अंगातली मला काढता येत न्हाई. तुमच्या बाटलीतली अजून काढता येती."

तात्या उठले. खाली अंगणात उतरले, मामांच्या अगदी जवळ गेले. हनुवटीला बोट लावून तोंड इकडून तिकडून फिरवून बघितलं, बैल बाजारात बघतात तसं. मामांनी बघू दिलं.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"रामलिंग," तात्या म्हणाले, "आरं, काय करून घेतलंस ह्ये." आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "सूनबाई! फडताळातली ती तपकिरी बाटली आन भाईर. झाकान उगडू नगं."

बाटली भरलेली होती. मामांनी ती पिशवीत शिंपीणकाकूंच्या बाटलीशेजारी ठेवली, आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. टोपी त्यांनी काखेत धरली होती, मास्क खिशात होता. मला वाटलं लक्षात नसेल. म्हटलं, "मामा, मास्क." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

पुढे वर्षभरात ते निवृत्त होऊन मामींसह गावी गेले, मी पिंपळे सौदागरला राहायला आले, आणि फोनवर बोलणं होत राहिलं. मामी बऱ्या आहेत, त्यांचा रंग त्यांचाच आहे. पण मामा म्हटलं की मला दिसतात ते त्या रविवारच्या भाजी मंडईतले. भर गर्दी होती. माणसं वळून वळून बघत होती, एका मुलाने मोबाइल वर केला होता. मामा एका भाजीवालीसमोर उकिडवे बसून मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होते. तिने आधी चोरून बघितलं, मग तिला राहवलं नाही.

"बाबा, आजारी हायसा का वो?"

मामांनी त्यातल्या त्यात कोवळी जुडी निवडली, माती झटकली.

"न्हाई गं माय," ते म्हणाले, "लै शाना होतो." आणि ती जुडी तिच्या तराजूत ठेवली.